दिवसा वर्गात बसणारा व्हँपायर

या प्रेमकथेतला व्हँपायर (रक्त पिणारं पिशाच्च) दिवसाढवळ्या कॉलेजात लेक्चरला बसतो आणि वर्गातल्याच मुलीच्या प्रेमात पडतो म्हणजे व्हँपायर उन्हात मरतो हा नियमच लेखकाने धाब्यावर बसवला, असं कथेवरच्या चर्चेत कोणीतरी म्हटलंय, ते नाही पटलं. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' या मूळ कादंबरीतला व्हँपायर ड्रॅक्युला लंडनमध्ये भर दिवसा फिरतो की, फक्त तेव्हा त्याच्या शक्ती चालत नाहीत. उन्हाने मरायची भानगड १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातली, मग बऱ्याच जणांनी तेच उचललं.

उलट ड्रॅक्युलाचा जुना नियम लव्हस्टोरीला जास्त सोयीचा आहे, वर्गात तो तिच्यासारखाच साधा, धोका सगळा सूर्य मावळल्यावर, आणि संध्याकाळी भेटायचं दरवेळी का टाळतो हे तिला सांगणार काय कप्पाळ! मला खटकतं ते त्याचं शंभरी पार केलेलं वय, त्यावर कोणीच बोलत नाहीये.