मदत हवी आहे: पहिलं .३२ रिव्हॉल्व्हर कानपूरहून सोलापूरला कायदेशीर कसं आणायचं?

नवखा_सोलापूर
जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून नवीन परवाना मिळालाय. नोंद 'एनपीबी रिव्हॉल्व्हर' (एनपीबी म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर, बंदी नसलेल्या बोअरचं), क्षेत्र 'महाराष्ट्र राज्य', काडतुसं एका वेळी २५, वर्षाला ५०. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून घ्यायचा विचार आहे. बाहेरच्या राज्यातून आणायला वेगळी परवानगी लागते का? रेल्वे, गाडी की विमान? ड्रायव्हरला पाठवलं तर चालेल?

बारा_बोअर
ड्रायव्हरचं आधी: अजिबात नको. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये सवलत आहे, पण ती दुरुस्ती, परवाना नूतनीकरण किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी शस्त्र नेण्यापुरती, तीही परवानाधारक सोबत असताना किंवा त्याचं लेखी अधिकारपत्र असेल तर. नवीन खरेदी त्यात बसत नाही. ड्रायव्हर अडकेल, पाठोपाठ तुम्हीही.

आता क्षेत्राचा रकाना. खरी गोची तिथेच आहे. कानपूरहून निघालात की उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश लागतात, तिथे तुमचा परवाना लागू नाही. पावती खरी असली तरी ताबा विनापरवाना ठरतो. म्हणून आधी कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत क्षेत्रवाढीचा किंवा प्रवास-परवानगीचा अर्ज आणि बाहेरून खरेदीची एनओसी. पैसे त्यानंतरच भरा. परवान्यावर खरेदीची मुदत असते, ती कागदपत्रांच्या फेऱ्यांतच संपू शकते आणि मग मुदतवाढीचा नवा अर्ज करावा लागतो.

पहिल्याच शस्त्राला एवढा व्याप कशाला? महाराष्ट्रातल्या परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या. माल राज्यात आणायची जबाबदारी त्याची. थोडे जास्त जातील, पण तपासणीनाक्यावर उत्तरं देत बसावं लागणार नाही.

नवखा_सोलापूर
मग विक्रेत्याकडूनच घेतो. दुकानात काय बघायचं? आणि रिव्हॉल्व्हरऐवजी पिस्तूल चालेल?

खडकीकर
परवान्यावर 'रिव्हॉल्व्हर' आहे, तर पिस्तुलासाठी आधी परवान्याच्या नोंदीत दुरुस्ती करून घ्यावी लागेल.

काडतुसाच्या नावात तर हमखास घोळ होतो. रिव्हॉल्व्हरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, पिस्तुलाला .३२ एसीपी. दोन्हींत ३२ आलं म्हणून ती एक नव्हेत, लांबी आणि बुडाची कडा वेगळी. मागताना पूर्ण नाव घ्या. (बुडावर 'केएफ' दिसलं तर ते आपल्या खडकीच्या कारखान्याचं.)

दुकानात परवाना, पावती आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक अक्षर-अक्षर जुळवा. एक आकडा चुकला की नूतनीकरणाला फाइल अडकते. रिव्हॉल्व्हर उघडून सिलिंडरची सहाही घरं रिकामी आहेत ना बघा, सिलिंडर सैल तर नाही ना तेही तपासा. विक्रेत्याने नोंद केली म्हणून काम संपत नाही. शस्त्र आणि परवाना घेऊन गृह शाखेत तपासणी करून घ्या, शिक्क्याची प्रत ठेवा.

घरी नेताना रिकामं रिव्हॉल्व्हर कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या पेटीत, मूळ परवाना आणि पावती अंगावर. गाडी सोडून चहाला गेलात तर पेटी सोबत घ्या. वाटेत यात्रा, पालखी, मिरवणूक किंवा कॉलेजचा परिसर लागणार असेल तर रस्ता बदला, विशेष परवानगीशिवाय तिथे शस्त्र नेणं परवान्याच्या अटींचा भंग आहे.

विमान असेल तर काउंटरवर आधी सांगायचं, शस्त्र चेक-इन सामानात. केबिन बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस गुन्हा नोंदवायला पुरतं. जुनी शिकारीची बॅग तर प्रवासाला वापरूच नका.

बारा_बोअर
आणखी दोन गोष्टी. रिकाम्या पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची आवरणं) फेकू नका, पुढच्या खरेदीला हिशेब मागू शकतात. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा केल्याची पावती शस्त्राच्या क्रमांकासह घ्या, नुसतं 'रिव्हॉल्व्हर १ नग' लिहिलेली नको.