घरातील जुन्या व्हीसीडी आणि डीव्हीडी खराब होत आहेत. त्यांतले काय वाचवता येईल?

करवीरनिवासी

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वडिलांनी साधारण २००० ते २०१२ या काळात जमवलेल्या चित्रपटांच्या तबकड्या माझ्याकडे आहेत. त्यांत मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी सर्वाधिक असून हिंदी व इंग्रजी चित्रपटांच्या डीव्हीडी आणि घरातील लग्न-मुंजींच्या चित्रीकरणाच्या डीव्हीडीही आहेत. सर्व तबकड्या मूळ वेष्टनांत, बंद लाकडी कपाटात आहेत आणि त्यांवर ओरखडे जवळजवळ नाहीत. तरीही यंदाच्या पावसाळ्यानंतर असे आढळले की काही डीव्हीडी चित्रपटाच्या बरोबर मध्यावर अडकतात आणि तेवढा भाग ओलांडला की पुन्हा नीट चालतात. व्हीसीडींच्या बाबतीत पहिल्या तबकडीचा शेवट बिघडतो. चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. प्लेअर बदलूनही फरक पडत नाही. एक व्हीसीडी दिव्यासमोर धरली असता काठाजवळ टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. एका दुकानदाराने तबकड्या पॉलिश करून घेण्याचा सल्ला दिला आहे. त्याने हा दोष जाईल का? यांतील बरेच मराठी चित्रपट मला आता बाजारात कोठेच मिळत नाहीत, त्यामुळे फार काळजी वाटते.

प्रकाशरेषा

पॉलिश करू नये. पॉलिशने वाचनाच्या बाजूच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटवरील (तबकडीच्या प्लास्टिकवरील) ओरखडा कमी होतो. आपल्या तबकड्यांचा दोष त्याच्या पलीकडे, ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरात आहे. लेसरचा किरण या थरावरून परावर्तित होतो. हवेतील ओलावा आणि ऑक्सिजन तेथवर पोहोचले की ॲल्युमिनियमचे ऑक्साइड बनते आणि त्या जागेवरून किरण नीट परत येत नाही. एखाददुसरा ठिपका कारखान्यातूनच आलेला असू शकतो, परंतु काठाजवळ ठिपक्यांची दाटी असेल तर ती गंजाचीच खूण समजावी. गेलेला धातू परत आणण्याचा उपाय नाही.

आपण सांगितलेली लक्षणे याच निदानाशी जुळतात. व्हीसीडी आतल्या बाजूने वाचायला सुरुवात होऊन काठाकडे जाते. पहिल्या तबकडीत साधारण ७४ मिनिटांची मर्यादा भरेपर्यंत चित्रपट घातलेला असल्याने ती काठापर्यंत भरलेली असते, दुसरी बहुधा तशी नसते. म्हणून आधी बिघडतो तो पहिलीचा शेवट. साडेआठ गिगाबाइटच्या दुहेरी थराच्या डीव्हीडीत पहिला थर आतून काठाकडे वाचला जातो आणि चित्रपटांच्या बहुतेक डीव्हीडींत दुसरा थर काठाकडून आत वाचला जातो. अशा भरलेल्या तबकडीत चित्रपटाचा मध्य काठाशी येतो, आणि ओल शिरते तीही काठातूनच, कारण डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकाने चिकटवलेल्या असतात आणि ती चिकटण कमी पडली की तेथे फट राहते. व्हीसीडीत धातूवर केवळ लाखेचा पातळ लेप आणि छपाई असते. त्यामुळे तिची चित्र छापलेली वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा अधिक नाजूक असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हा दोष निष्काळजीपणाने ठेवलेल्या तबकड्यांपुरता नाही. ब्लॅकबर्न येथील एका ब्रिटिश कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या काही ऑडिओ सीडी तपकिरी पडल्या, कारण त्यांवरील लेप वेष्टनाच्या कागदातील गंधकापुढे टिकला नाही. वॉर्नर ब्रदर्सनेही २०२५ मध्ये आपल्या २००६ ते २००८ या काळातील काही डीव्हीडी खराब होत असल्याचे मान्य केले. तेव्हा आपल्या वडिलांच्या जपणुकीत काही उणे होते असे मुळीच मानू नये.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. तबकडीवरील माहितीसोबत चुका दुरुस्त करणारे संकेतही लिहिलेले असतात, त्यामुळे गंज बराच पसरेपर्यंत चित्र स्वच्छ दिसते आणि मर्यादा ओलांडताच ते एकाएकी बिघडते. आज नीट चालणारी तबकडी निरोगी आहे असे त्यावरून ठरत नाही.

शाहूपुरीकर

साठवणुकीविषयी थोडे लिहितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सापेक्ष आर्द्रता २० ते ५० टक्के आणि तापमान ४ ते २० अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ते घरात साधणे शक्य नाही, परंतु कपाट बाहेरच्या भिंतीपासून हलवणे आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह तबकड्या उभ्या ठेवणे सहज जमते. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात किंवा तापवून पुन्हा वापराव्यात. डांबरगोळ्या मात्र त्यात टाकू नयेत. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिनच्या पारदर्शक डब्या मऊ पडतात. मऊ पीव्हीसीची पाकिटेही टाळावीत.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतील घरांत पाणी शिरले, तेव्हा अनेकांनी चिखलाने माखलेल्या तबकड्या तशाच पुसल्या आणि गाळाच्या कणांनी त्या ओरखडल्या. अशा वेळी आधी स्वच्छ पाण्यात बुडवून गाळ सुटू द्यावा, ओला कागद वेगळा करावा, मऊ कापडाने केंद्राकडून काठाकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवू नये, आणि तबकडी सावलीत उभी वाळवावी.

बिंदूचौक

साठवणूक सुधारल्याने गंजाचा वेग कमी होईल, पण वाचवायचे असेल तर प्रत काढणे हाच मार्ग आहे, आणि तो याच हिवाळ्यात कोरड्या हवेत पूर्ण करावा. क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. लग्न-मुंजींच्या डीव्हीडी सर्वांत आधी घ्याव्यात. त्या कारखान्यात ठशाने घडवलेल्या नसून सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने लिहिलेल्या असतात, तो रंग उष्णतेने व उजेडाने विटतो, आणि त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसण्याचा संभव मोठा आहे. त्यानंतर बाजारात न मिळणाऱ्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी. इंग्रजी डीव्हीडी शेवटी, कारण त्यांतील बहुतेक चित्रपट पुन्हा मिळवता येतील.

डीव्हीडीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. ते आधी सुस्थितीतील भाग उतरवून घेते, मग बिघडलेल्या भागाकडे पुन्हापुन्हा वळते आणि काय राहिले त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवते. तीच नोंद वापरून तीच डीव्हीडी दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालावी. एका ड्राइव्हला न दिसलेला भाग दुसऱ्याला अनेकदा दिसतो. कोणा मित्राकडे त्याच आवृत्तीची डीव्हीडी असेल तर दोहोंतून मिळून पूर्ण प्रत तयार होऊ शकते.

व्हीसीडीचे तसे नाही. तिच्या चित्रपटाच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे तबकडीवरील माहितीच्या ठरावीक तुकड्यात, संगणकाच्या साध्या डेटा सीडीच्या २,०४८ ऐवजी २,३२४ बाइट माहिती असते, आणि ही जादा जागा चूक-दुरुस्तीचा शेवटचा टप्पा वगळून मिळवलेली असते. म्हणून एमपीईजीएव्ही फोल्डरमधील डॅट फाइल नेहमीप्रमाणे कॉपी करताना थोडा बिघाडही संगणकाला थांबवतो. तेथे सेक्टर कच्च्या स्वरूपात वाचणारे आयसोबस्टरसारखे साधन हवे.

प्रती घरच्या वापरापुरत्या ठेवाव्यात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ चे कलम ५२ खासगी वापरासाठीच्या न्याय्य उपयोगाला मुभा देते, वाटपाला नाही.

करवीरनिवासी

सर्वांचे मनापासून आभार. लग्नाच्या डीव्हीडींपासून सुरुवात करतो. एक शंका उरते: व्हीसीडींचे चित्र आजच्या दूरदर्शन संचावर फारच अंधुक दिसते, तर प्रत काढताना ते मोठे व स्पष्ट करून साठवावे का?

बिंदूचौक

नाही. आपल्याकडील व्हीसीडीचे चित्र मुळात ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते; मोठे करताना जे भरले जाते ते अंदाजाने. व्हीसीडीवरील चित्रपटाची मूळ एमपीईजी-१ फाइल जशीच्या तशी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यांतील एक नातेवाइकांकडे, पुराचे पाणी पोहोचत नाही अशा घरी असू द्या. पाहण्यासाठी मोठी आवृत्ती हवी असल्यास ती त्या फाइलवरून केव्हाही करता येईल.