इंटरव्ह्यूला कोणाला बोलवायचं हे अमेरिकेतले रेसिडेन्सी प्रोग्राम (डॉक्टरांचं स्पेशालिटी ट्रेनिंग) नक्की ठरवतात कसं?

सप्टेंबरची_तयारी
नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरला इंटर्नल मेडिसिनसाठी इरासवर (रेसिडेन्सी अर्जांचं ऑनलाइन पोर्टल) अर्ज टाकतोय. एमबीबीएस २०२१, यूएसएमएलई या अमेरिकी लायसन्स परीक्षेची स्टेप १ पास, स्टेप २ सीके २५१, फेल अटेम्प्ट नाही, यूएसमध्ये थोडी ऑब्झर्व्हरशिप (हॉस्पिटलमध्ये नुसतं बघून शिकणं) झालीये, जे-१ व्हिसा चालेल. आता प्रश्न असा की माझ्याबरोबर अभ्यास केलेला मित्र गेल्या सीझनला बसला, स्कोअर माझ्यापेक्षा बराच कमी, तरी त्याला चांगले इंटरव्ह्यू कॉल आले आणि मॅचही झाला, म्हणजे जागा मिळाली, आणि आमच्याच ग्रुपमधली २६० च्या पुढची मुलगी डिसेंबरपर्यंत मेल बघत बसली आणि जवळपास काहीच आलं नाही. मग स्कोअरवर नाही तर ठरतं कशावर? कोणी आत बसून अर्ज वाचले असतील तर प्लीज खरं खरं सांगा. पैशाचं पण बघायचंय, गेल्या सीझनच्या दराने पहिल्या ३० प्रोग्रामना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढे प्रत्येकी ३०, म्हणजे दोनशे ठिकाणी टाकले की ५,४०० डॉलरच्या वर जातं, एवढं उगाच उधळणं शक्य नाही.

वॉर्डातली_पीजीवाय३
आमच्या प्रोग्राममध्ये सीनियर रेसिडेंटनाही अर्ज वाचायला बसवतात, म्हणून जे बघितलंय ते सांगते. आमचा कम्युनिटी प्रोग्राम आहे, मोठ्या युनिव्हर्सिटीत थोडं वेगळं असेल.

पहिल्या फेरीत तुझा अर्ज कोणी वाचतच नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. सप्टेंबरच्या शेवटी अर्ज प्रोग्रामना दिसायला लागतात आणि काही हजार एकदम येऊन पडतात, जागा मात्र दहा-वीस. मग सिस्टीममध्ये फिल्टर लावतात: फेल अटेम्प्ट आहे का, सीकेचा स्कोअर आलाय का आणि अमुक आकड्याच्या वर आहे का, पासआउट होऊन किती वर्षं झाली, व्हिसा कुठला लागणार, ईसीएफएमजी सर्टिफिकेट (बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांना लागणारं) झालंय का. तुझ्या मैत्रिणीचा अर्ज इथेच कुठेतरी अडकला असेल, २६० असून पण. समजा तिने पाच वर्षांची कटऑफ असलेल्या ठिकाणी सातव्या वर्षी अर्ज टाकला असेल तर तो २६० कोणाच्या नजरेलाच पडला नाही, पैसे मात्र गेले.

फिल्टरमधून जे सुटतात ते माणसं वाचतात, आणि तिथे आकड्याचं वजन बऱ्यापैकी उतरतं. एका अर्जाला मिळतात जेमतेम दहा मिनिटं. मी स्वतः आधी एक्सपीरियन्सेस उघडते, दहा टाकता येतात आणि त्यातले तीन मोस्ट मीनिंगफुल म्हणून निवडायचे असतात, त्या तिघांत माणूस कळतो. मग लेटर्स म्हणजे शिफारसपत्रं, आणि पर्सनल स्टेटमेंट शेवटी, ते पण बऱ्याचदा वरवर. मनात एकच प्रश्न असतो, हा माणूस आमच्याकडे खरंच येईल का आणि आला तर रात्री दोन वाजता नवीन अ‍ॅडमिशन नीट घेईल का. दहाही जागा भरायच्याच म्हणून वेबिनारला हजेरी लावल्याचं लिहू नका रे, खऱ्या कामांच्या ओळी त्यात बुडून जातात.

गोल्ड_सिल्व्हर
वरचं सगळं बरोबर, पण सिग्नलचं, म्हणजे अर्जासोबत मोजक्या प्रोग्रामना ‘तुमच्याकडे यायला खास रस आहे’ असं कळवण्याचं राहिलं आणि माझ्या मते आजच्या घडीला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. इंटर्नल मेडिसिनला ३ गोल्ड (सगळ्यात जास्त रस) आणि १२ सिल्व्हर (त्याखालोखाल) असतात. तू सिग्नल केलेल्या प्रोग्रामलाच तो दिसतो, बाकी कुठे पाठवलेस ते त्यांना कळत नाही. अर्जांचा ढीग एवढा झालाय की बरेच प्रोग्राम सिग्नलवाले अर्ज आधी उघडतात, आणि ऑर्थोला तर ३० सिग्नल आहेत, तिथे सिग्नल नसेल तर कॉलची आशा फारशी धरू नये. त्यामुळे पंधराच्या पंधरा नावाजलेल्या ठिकाणी उडवू नकोस. फ्राइडा या प्रोग्रामच्या ऑनलाइन डेटाबेसवर आणि प्रोग्रामच्या साइटवर सध्याचे रेसिडेंट बघ, तुझ्यासारखे आयएमजी (बाहेरच्या देशात शिकलेले डॉक्टर) दरवर्षी घेतात का, जे-१ देतात का, आणि मग सिग्नल टाक. जिथे रोटेशन केलंय तिथेही टाक, ‘ते तर मला ओळखतातच’ असं धरून बसू नकोस, कारण स्क्रीनिंग करणारा माणूस तुला ओळखत नसतो.

जिओग्राफिक प्रेफरन्स पण नीट भर. देशाच्या नऊ डिव्हिजनपैकी तीन निवडता येतात, निवडलेल्या डिव्हिजनमधल्या प्रोग्रामनाच ते दिसतं. ‘प्रेफरन्स नाही’ असं निवडलंस तर तेवढं मात्र सगळ्यांना दिसतं. कारण लिहायला जागा असते तिथे खरं कारण लिही, बहीण राहते, तिथे रोटेशन केलं, काहीही, पण खरं.

एच१बी_की_जे१
मी जरा असहमत. स्कोअरचं वजन उतरतं हे सरसकट नाही. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ पास-फेल झाली, त्यानंतर आयएमजीच्या बाबतीत तुलना करायला हातात आकडा म्हणजे सीकेचाच उरला, कारण आपलं कॉलेज कसं आहे, तिथलं फर्स्ट क्लास म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या फॅकल्टीला माहीतच नसतं. युनिव्हर्सिटी प्रोग्राममध्ये २५१ आणि २६५ यात फरक करतात, मी स्वतः बघितलंय. तुझा स्कोअर चांगलाच आहे, फक्त त्यावर विसंबून राहू नकोस.

व्हिसाचं: एच-१बी हवा असेल तर स्टेप ३ आधी पास लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली, त्यामुळे एच-१बी देणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या याद्यांवर जाऊ नकोस, प्रोग्रामने या वर्षी साइटवर काय लिहिलंय ते वाच. तू जे-१ ला तयार आहेस हे चांगलंय, दारं जास्त उघडी राहतात.

सप्टेंबरची_तयारी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. मित्राने त्याच्या रोटेशनच्या ठिकाणी गोल्ड टाकला होता, आता जरा उलगडतंय. एकच विचारतो, लेटर कोणाचं घ्यावं? एक डिपार्टमेंट हेड आहेत, मोठं नाव, पण मला फारसं बघितलेलं नाही, आणि एक साधे अटेंडिंग (वॉर्डातले सीनियर डॉक्टर), त्यांच्याबरोबर रोज राउंड घेतले.

वॉर्डातली_पीजीवाय३
अटेंडिंगचं घे, डोळे झाकून. मोठ्या नावाच्या लेटरमध्ये ‘मेहनती, वक्तशीर, टीममध्ये छान मिसळतो’ एवढंच असेल तर मी ते अर्ध्या मिनिटात पुढे ढकलते, तशी शेकड्याने येतात. गेल्या सीझनला एका लेटरमध्ये अटेंडिंगने लिहिलं होतं की पेशंटचं सोडियम खाली जात होतं तेव्हा या विद्यार्थिनीने घरून आणलेल्या गोळ्यांची पिशवी मागवून घेतली, त्यात थायाझाइड (सोडियम खाली आणू शकणारं बीपीचं औषध) निघालं जे चार्टवर नव्हतंच, आणि मग तिने पेशंटच्या मुलीला बसवून समजावून सांगितलं. ऑब्झर्व्हरशिपच होती ती, ऑर्डर टाकायचा अधिकारही नव्हता तिला. तो अर्ज मी मीटिंगमध्ये स्वतः उचलून धरला आणि तिला कॉल गेला.

तर अटेंडिंगना लेटर मागताना सोबत केलेल्या केसेसची एक पानभर टिपणं दे, त्यांच्या लक्षात राहतंच असं नाही. आणि लेटर स्वतः बघण्याचा हक्क सोडल्याची टिक कर, ती नसेल तर वाचणाऱ्याच्या मनात शंका येते. एका प्रोग्रामला चार लेटर जोडता येतात, पण तीन दमदार असतील तर चौथं भरतीचं लावू नकोस. अटेंडिंगना आताच मेल टाक, ऑगस्टमध्ये सगळेच मागायला लागतात.