दोन जुने पॉलिमर जोडले म्हणून पेटंट नाकारलं, अपील करू का?

खारपाणवाला:
मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. पाणी धरणारं जेल कपाशीच्या मुळाशी टाकलं तर आमच्या विहिरीच्या पाण्यात ते साबुदाण्याएवढंच राहतं. पाण्यातलं कॅल्शियम जेलच्या पॉलिमरच्या साखळ्या आवळून टाकतं. म्हणून नेहमीच्या स्टार्च-ॲक्रिलिक जेलमध्ये मी सल्फोनेटवाला मोनोमर (म्हणजे साखळीची एक कडी) घातला आणि वरून धावड्याचा डिंक. विहिरीच्या पाण्यात 1 ग्रॅम जुनं जेल 38 ग्रॅम पाणी धरायचं, माझं 140.

पेटंट ऑफिसच्या आदेशात लिहिलंय: स्टार्चची जेलं 1970च्या दशकापासून आहेत, सल्फोनेट पॉलिमर तेलविहिरी खोदताना खाऱ्या पाण्यात वापरतातच, दोन्ही जोडणं जाणकाराला सहज सुचेल. मला सुचायला तीन उन्हाळे गेले! आईच्या मिक्सरचं वाटोळं झालं ते वेगळंच.

वऱ्हाडी गडी:
बापा, आधी वकिलाची फी पाय, मंग सोयाबीनचा भाव पाय. मंग बोल.

नागपूरचा एजंट:
पेटंट कायद्याच्या कलम 117-अ खाली अपील हायकोर्टात, मुदत 3 महिने. आयपीएबी, म्हणजे आधी ही अपिलं ऐकणारं मंडळ, 2021 मध्येच बंद झालं. 'तेलविहीर वेगळी, शेत वेगळं' हे फार ताणू नका. दोन्हीकडे दुखणं एकच, खारं पाणी. जाणकार तिकडे डोकावणारच. आदेशात कारणं किती दिलीत ते बघा. आधी काय माहीत होतं, तुमचं काय आहे आणि जाणकार तिथून इथवर कसा पोचला असता, हे लिहावंच लागतं. दिल्ली हायकोर्टानं 2022 मध्ये ॲग्रीबोर्ड प्रकरणात तसं सांगितलंय. मुंबई हायकोर्टावर बंधनकारक नाही, पण दाखवता येतं.
आणि डिंकाचं काय? क्लेम 1 मध्ये, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितलाय त्या पहिल्या कलमात, आहे का? आणि आदेशात?

खारपाणवाला:
क्लेममध्ये आहे. आदेशात डिंकावर अवाक्षर नाही.

नागपूरचा एजंट:
मग तिथंच धरा. नुसतं सल्फोनेट घालून किती?

खारपाणवाला:
72. नुसता डिंक, 41.

नागपूरचा एजंट:
आणि मिळून 140! अहो, हे आधी सांगायचं ना. नुसती बेरीज असती तर कलम 3(ई) सुद्धा अंगावर आलं असतं, नुसत्या मिश्रणाला पेटंट नाही म्हणणारं. आकडे अर्जात आहेत?

खारपाणवाला:
38 अन् 140 आहेत. 72 अन् 41 वहीत, तारखेसकट.

नागपूरचा एजंट:
अपिलात नवा पुरावा कोर्ट सहजासहजी घेत नाही. तरी वही स्कॅन करा. आदेश कधीचा?

खारपाणवाला:
19 दिवस उरलेत. वही कुठंतरी कापसाच्या गंजीखाली आहे, काढतो.