गेम टाकताना, अपडेट करताना झालेला मनस्ताप : अनुभव लिहा

शनिवारी लेकाने हौसेने गाड्यांचा गेम उघडला. आधी ३८ जीबीचं अपडेट. ते उतरलं, तर म्हणे जागा अपुरी. अरे, ६० जीबी मोकळी होती! मग कळलं, पॅच (अपडेटमधले बदल) लावताना जुन्या फायली तशाच ठेवून शेजारी नव्या बांधतात, म्हणून जागा दुप्पट लागते. जुने फोटो हलवेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. लेक झोपला. मी एकट्याने एक फेरी मारली आणि शेवटचा आलो.

तुमचं काय काय झालंय? (गेम सोडा, पुस्तक वाचा हे सल्ले नकोत. ते घरी मिळतात.)

रातकिडा : २००९. आमच्या नेटच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ फुकट, दिवसा लावलं की बिल बाबांच्या हातात. स्पीड २५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३२ केबी. सहा तासांत अगदी सलग चाललं तरी पावणेसातशे एमबी. ४ जीबीच्या गेमसाठी आठवडाभर पावणेदोनचा गजर लावला. सातव्या पहाटे लाइट गेली. आली तेव्हा डाउनलोड पुन्हा शून्यावर. आजी अख्ख्या आळीला सांगायची, 'पोरगं अभ्यासाला उठतं हो.' मी गप्प.

लिंबूटिंबू : मित्राकडून गेम आणायला १६ जीबीचा पेनड्राइव्ह नेला. ९ जीबीची एकच फाइल, कॉपीच होईना. दुकानदाराशी भांडून पेनड्राइव्ह बदलून आणला, तरी तेच. दोष फॅट३२ चा, म्हणजे पेनड्राइव्हवर फायली मांडायच्या जुन्या पद्धतीचा. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर गेली मुकाट. त्या दुकानात अजून मान खाली घालून जातो.

चहाबाज : गेम चालू केला की एकच संदेश, 'डी३डीएक्स९_४३.डीएलएल सापडत नाही.' नेटवरून कुठूनतरी ती फाइल उतरवली, तर ब्राउझर उघडला की जुगाराची जाहिरात. तीही आईसमोर. खरं तर डायरेक्टएक्सचा (विंडोजवर गेमची चित्रं-आवाज चालवणारा भाग) जून २०१० चा संच टाकायचा होता. तो गेमच्या डीव्हीडीवरच एका फोल्डरमध्ये पडून होता.

लिंबूटिंबू : @रातकिडा, निकाल काय लागला मग?

रातकिडा : गेमचा की दहावीचा?

धागाकर्ता : आज सकाळी परत १२ जीबी आलंय. काय उडवू सांगा. बारशाचा व्हिडिओ सोडून.