नागपुरात मैत्रिणींसोबत एक दिवस : पायी फिरणे आणि गप्पा दोन्ही कसे साधावे?

सेलू तालुक्याची ताई

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातून हा प्रश्न विचारत आहे. आम्ही नऊ मैत्रिणी, सर्व तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या. संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपल्यावर, तुरीची मळणी आणि कापसाची शेवटची वेचणी यांच्यामधल्या उसंतीत, एक दिवस नागपुरात फक्त एकमेकींसोबत घालवावा असे आम्ही ठरवत आहोत. नागपूर आम्हाला नवे नाही. पण आजवर तेथे जाणे झाले ते दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी किंवा मुलांच्या प्रवेशासाठी, आणि अशा वेळी मन कामात गुंतलेले असल्याने शहर पाहणे होतच नाही.

घरच्यांचे म्हणणे आहे की एक गाडी भाड्याने करून सर्व ठिकाणे पाहून घ्यावीत. मला मात्र तसे नको आहे. दिवसभर चालावे, काही तरी हाताने करून पाहावे, भरपूर बोलावे, आणि संध्याकाळी प्रत्येकीला वाटावे की आज मी सर्वांशी बोलले, अशी माझी इच्छा आहे. आमच्यातील दोघींचे गुडघे दुखतात, एक माळकरी आहे, आणि रात्री आठच्या आत गावी परतणे आवश्यक आहे. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय कोठे असते, हेही कृपया सांगावे, कारण त्या काळजीने आमच्यापैकी बऱ्याच जणी प्रवासात पाणीच पीत नाहीत.

महालकर

ताई, गाडी करू नका, हे तुमचे मन बरोबर सांगते आहे. नऊ जणी गाडीत तीन रांगांत बसल्या की पुढच्या रांगेतील बोलणे मागे पोहोचत नाही. एसटीने या, १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धेच तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न उरत नाही. तुमची बस वर्धा मार्गाने शहरात शिरते आणि विमानतळापासून पुढे मेट्रोही त्याच मार्गावरून धावते. बस कोठे थांबेल हे वाहकाला आधी विचारून ठेवा, मेट्रो स्थानकाजवळ उतरा आणि तेथून पुढे मेट्रोनेच जा. गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणींसाठी स्थानकांत उद्वाहन (लिफ्ट) आणि सरकते जिने आहेत.

कस्तुरचंद पार्क स्थानकावर उतरून सर्वप्रथम तर्री पोहे खा. हरभऱ्याचा झणझणीत रस्सा पोह्यांवर ओतून देतात. तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळी मागावी. तेथून झिरो माईलचा स्तंभ पायी जाण्याच्या अंतरावर आहे. इंग्रजांच्या काळातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेली ही जागा आहे, आणि तेथील दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतुल अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. आपल्यातील कोणाचे माहेर किंवा नातेवाईक यांपैकी कोणत्या दिशेला आहेत, हे प्रत्येकीने तेथे उभे राहून सांगावे. माझ्या पाहुण्यांबरोबर मी हे नेहमी करतो, आणि एरवी गप्प राहणारी माणसेही त्या दगडापाशी बोलू लागतात.

त्याच परिसरात गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले, आणि त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. आपल्यासारख्याच खेड्यांतून आलेली ती माणसे होती. तेथे थांबल्यावाचून पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

नंतर मध्यवर्ती संग्रहालय पाहा. आम्ही नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतो. ते १८६३ मध्ये स्थापन झालेले आहे आणि सोमवारी बंद असते, म्हणून सोमवार टाळा.

जंगलवेडा, काटोल

माझे मत थोडे वेगळे आहे. मोकळी हवा आणि प्राणी यांची आवड असेल तर गोरेवाड्याला जा. तेथील बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाची भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. वाघ, बिबट्या, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी तेथील वाहनात बसून पाहता येतात. थंडीच्या दिवसांत सकाळी प्राणी दिसण्याची शक्यताही चांगली असते. तेही सोमवारी बंद असते.

पायी चालणारी, पुलगाव

गोरेवाडा उत्तमच आहे, परंतु ताईंनी जे मागितले आहे ते तेथे मिळणार नाही. सफारीत पुन्हा वाहनातच बसायचे आणि बोलण्याऐवजी खिडकीबाहेर पाहायचे. शिवाय ते ठिकाण शहराच्या कडेला असल्याने जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. मुलांना घेऊन याल तेव्हा तेथे अवश्य जा.

हाताने करून पाहण्याजोगे ठिकाण हवे असेल तर गांधीसागर तलावाजवळील रमण विज्ञान केंद्राला पर्याय नाही. हे केंद्र चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावाने १९९२ मध्ये सुरू झाले. तेथे बरीच उपकरणे ओढून, फिरवून, दाबून पाहायची असतात, आणि एकीने काही केल्यावर दुसरीला काय दिसले हे विचारावेच लागते. आपल्यापैकी कित्येकींच्या शाळेत प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंदच असायचे. येथे मात्र कोणी हात लावू नका म्हणत नाही. मेट्रोच्या कॉटन मार्केट स्थानकापासून केंद्र जवळ आहे, आणि केंद्रापासून गणेशपेठचे बसस्थानकही दूर नाही. म्हणून हे ठिकाण दुपारी ठेवावे. परतीची बस मात्र गणेशपेठहूनच धरावी, कारण तेथून सुटणाऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळते आणि वाटेत हात दाखवलेली बस थांबेलच असे नसते.

सर्वांचे सर्वांशी बोलणे व्हावे यासाठी एक सुचवते. चालताना नेहमीच्या जोड्या आपोआप जमतात आणि शेजारपाजारच्या दोघी दिवसभर एकत्रच राहतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाण सोडताना जोड्या बदलाव्यात. नऊ जणी असल्याने एक तिघींचा गट होईल, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना त्या गटात पुढे ठेवावे. चालण्याची गती त्यांची असली की कोणी मागे पडत नाही.

घरून डबा नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगते. पहाटे चारला उठून नऊ जणींसाठी भाकरी थापायच्या आणि मग दिवसभर फिरायचे, याला सुटी म्हणता येत नाही. सावजी भोजनालयात दुपारचे जेवण घ्या. मांसाहार न करणाऱ्यांसाठी पाटोडी रस्सा आणि डाळकांदा मिळतो. माळकरी ताईंनी कांदा-लसूण वर्ज्य केला असेल तर त्यांच्यासाठी साध्या शाकाहारी खानावळीची चौकशी आदल्या दिवशीच करावी, आणि शक्यतो सर्वांनी तेथेच जेवावे. एकीला वेगळे बसवून आठ जणींनी रस्सा खाणे बरे दिसत नाही.

स्वच्छतागृहाबद्दल : मेट्रो स्थानकांत सोय असते, म्हणून प्रत्येक वेळी स्थानकातून बाहेर पडण्याआधी ती वापरावी, गरज भासो वा न भासो. संग्रहालय आणि विज्ञान केंद्र येथेही तसेच करावे. पाणी न पिता दिवसभर चालू नका. डोके दुखू लागले की दिवस वाया जातो.

महालकर

पुलगावच्या ताईंची जोड्या बदलण्याची सूचना मला फार आवडली. त्यात एवढेच जोडतो की बर्डीची, म्हणजे सीताबर्डीची, बाजारपेठ कार्यक्रमात ठेवूच नका. तेथे पाऊल टाकले की दोघी साड्यांच्या दुकानात, तिघी भांड्यांच्या, आणि उरलेल्या त्यांना शोधण्यात, असे होऊन गट विखुरतो. बर्डीसाठी दुसरा दिवस काढावा.

दीक्षाभूमीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती ही जागा. सांचीच्या धर्तीवर उभारलेला स्तूप आतून पोकळ असून आत प्रशस्त सभागृह आहे. राहाटे कॉलनी स्थानक तुमच्या वाटेवरच लागते आणि तेथून दीक्षाभूमीला पायी जाता येते. सकाळी गर्दी कमी असते. मात्र दीक्षाभूमी घेतली तर संग्रहालय सोडा. पायी फिरण्याच्या दिवसात तीनपेक्षा अधिक ठिकाणे घातली की प्रत्येक ठिकाणी घड्याळाकडे पाहावे लागते.

सेलू तालुक्याची ताई

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही एकत्र बसून आपली उत्तरे मोठ्याने वाचली आणि बरीच चर्चा झाली. दिवस बुधवार ठरला आहे, कारण रविवारी मुले घरी असतात, सोमवारी संग्रहालय बंद आणि मंगळवारी आमच्या गावचा बाजार असतो. सकाळी प्रथम दीक्षाभूमी, कारण आमच्यापैकी चौघींना तेथे जायचेच होते आणि इतरांनी ती कधी आतून पाहिलेली नाही. त्यानंतर कस्तुरचंद पार्कला पोहे, झिरो माईल आणि गोवारी स्मारक, मग दुपारचे जेवण आणि शेवटी रमण विज्ञान केंद्र. झिरो माईल आणि स्मारक आम्ही वाटेवरचे एकच ठिकाण धरले आहे. संग्रहालय सोडावे लागले, याची एका मैत्रिणीला खंत आहे. ते पुढच्या वेळी पहिले असेल, असे तिला कबूल केले आहे.

माळकरी मैत्रीण कांदा-लसूण खात नाही, म्हणून आम्ही सर्व जणी साध्या खानावळीतच जेवणार आहोत. महालकर भाऊ, कस्तुरचंद पार्क ते कॉटन मार्केट या पट्ट्यात तशी एखादी स्वच्छ खानावळ आपल्या माहितीत असल्यास ती कोणत्या चौकाजवळ आहे एवढे कृपया कळवावे.