मदत हवी आहे: सोसायटी भाडेकरूकडे नागरिकत्वाचा पुरावा मागू शकते का?

पाथर्डी फाट्याजवळचा माझा फ्लॅट फरशी बसवणाऱ्या एका कारागिराला भाड्याने दिलाय. तो पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. बंगाली बोलतो, लुंगी नेसतो, एवढ्यावरून कमिटीने त्याला बांगलादेशी ठरवलं. फार वाईट वाटतं.

भाडेकरार नोंदवलेला आहे, पोलिसांत भाडेकरूची माहितीही दिली. आधार, मतदार ओळखपत्र दाखवलं. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही हे खरंच, पण म्हणून तो परदेशी कसा? जन्म १९८५ चा, शाळेचा दाखला आहे. जन्मदाखला, पासपोर्ट नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक, एवढं वाचलंय. वकिलाची फी त्याला झेपणार नाही आणि रविवारी कमिटीची बैठक आहे.

असा पुरावा मागायचा अधिकार सोसायटीला आहे का? नसेल तर दाद सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे मागायची की मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे?